रेफरवाले काका

"रेफर तं नाई ना केलं?"

गावातल्या सरकारी दवाखान्यातून कुणीही बाहेर पडलं की आमच्या समोरच्या काकांचा हा पहिला प्रश्न. उजवा हात छातीवर आणि डोळे समोरच्याच्या तोंडावर. आलेला माणूस स्वतःच्या पायांनी चालत आलाय, त्याच्या हातात खोकल्याच्या औषधाची बाटली आहे, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा आहे, हे सगळं दिसत असूनही विचारायचं ते हेच. एकदा शेजारची सून लेकराला पोलिओचा डोस पाजून येत होती, तर तिलाही अडवलं. ती हसायला लागली. काकांनी छातीवरचा हात खाली घेतला आणि म्हणाले, "मंग ठीक हाये. पण विचारलेलं बरं रायते जी."

मी समुद्रपुरात एका शाळेत इंग्रजी शिकवते. काकांचं घर आमच्या बरोबर समोर, मध्ये फक्त गल्लीचा रस्ता. घरात ते आणि काकू दोघंच. त्यांच्या अंगणात एक जुना कडुलिंब, मागे गावाला लागूनच वावर. तिथं ते वांगी, मेथी, सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, कधी गवार पिकवायचे आणि बाजारात नेऊन विकायचे. माणूस कामाला वाघ, पण जिवाला इतका घाबरट की सांगता सोय नाही. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ना, ती म्हण यांच्याच घरी जन्मली असावी.

मोबाइल वाजला की ते तो हातात धरून रस्ता ओलांडून आमच्याकडे यायचे. "तुम्ही उचला जी मॅडम. वाईट असंल तं हळूहळू सांगजा." बहुतेक वेळा पुण्याहून त्यांचा मुलगा असायचा, जेवलात का विचारायला. मी फोन त्यांच्या कानाला लावून द्यायची आणि मनात म्हणायची, या माणसाचं करावं तरी काय.

आमचे हे एस.टी.त कंडक्टर. गाडीला उशीर झाला की मी आपली पोळ्या लाटत असायची आणि काका आमच्या फाटकाशी उभे. गाडी जाम गावाशीच अडकली असेल ना, तिथं चौरस्त्यावर ट्रक फार असतात ना, असं चालू. एकदा मी चिडून म्हटलं, काका, नवरा माझा आहे, काळजी मला करू द्या की. ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही करत नाई म्हणून तं मले करा लागते."

आता तुम्ही म्हणाल, असा भित्रा माणूस आपल्याही गल्लीत आहे, त्यात विशेष ते काय. विशेष पुढेच आहे.

'रेफर' हा शब्द तुम्हालाही माहीत असेल. शब्दकोशात त्याचे पाच-सहा अर्थ दिले आहेत: उल्लेख करणे, संदर्भ पाहणे, सोपवणे, योग्य माणसाकडे पाठवणे. मी वर्गात हे सगळे फळ्यावर लिहिते. पण एकदा मुलांना म्हटलं, या शब्दाचं एक वाक्य करा. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि तिनं वाक्य केलं: डॉक्टरांनी माझ्या आजोबांना रेफर केलं. कुणी हसलं नाही. आमच्या तालुक्यात उल्लेख करायला, संदर्भ पाहायला कुणी हा शब्द वापरत नाही. इथं त्याचा एकच उपयोग. इथल्या दवाखान्यात जमत नाही, मोठ्या दवाखान्यात न्या, वर्ध्याकडे न्या, नाहीतर नागपूरला न्या. "त्याले रेफर केलं" म्हणताना बाजारात जोरजोरात बोलणारा माणूसही आवाज खाली आणतो.

आणि कुणालाही रेफर केलं की काका सोबत जायचे.

नात्यातला असो, नसो. जातीचा, गल्लीचा, ओळखीचा, काही बघायचं नाही. एकशेआठची गाडी दवाखान्यासमोर लागली की काका हजर. खांद्याला एक पिशवी, तिच्यात चादर, पाण्याची बाटली, चिवडा आणि एक जास्तीचा दुपट्टा. गाडीत जागा नसली तर मागून एस.टी.नं जायचे. जागा असली तर त्यांची जागा ठरलेली. घरचं माणूस पेशंटच्या डोक्याशी बसायचं आणि काका पायाशी. पेशंटचे दोन्ही पाय हातात घट्ट धरून ते दवाखाना येईपर्यंत बसायचे. डॉक्टरच्या समोर त्यांना बोलता यायचं नाही, कागद वाचता यायचे नाहीत, जिने कुठले, लिफ्ट कुठली ते कळायचं नाही. पाय धरणं मात्र यायचं. गावात त्यांचं नावच पडलं, रेफरवाले काका.

मला हे कोडंच होतं. ज्या शब्दाला माणूस एवढा घाबरतो, त्याच्याच मागे धावत का जातो? मी विचारलं एकदा. काकांनी खरंखुरं उत्तर दिलं. "घरी बसून भेव वाटलं तं तुम्ही सारे हासता. तिथं बसून भेव वाटलं तं कोनी हासत नाई."

त्यांचा आणखी एक नियम होता आणि त्यानं गल्लीतल्या बायका मेटाकुटीला यायच्या. घरातलं माणूस गावाला निघालं की लगेच झाडू लावायचा नाही, हे आपण सगळेच पाळतो. माणूस पोचल्याचा फोन आला की झाडतो. पण काकांनी तो नियम ओढून लांब केला होता. रेफर केलेलं माणूस घरी परत येईस्तोवर त्या घरात झाडू लागता कामा नये. निघताना गाडीत चढता चढता ते घरच्या बाईला बजावायचे, "झाडू नका लावू, बरं का जी." आता मोठ्या दवाखान्यात गेलेलं माणूस काही दुसऱ्या दिवशी परत येतं का? एका घरच्या म्हाताऱ्याचा मुक्काम तिथं इतका लांबला की घरात चालताना पायाला कचकच लागायची. सून रडकुंडीला आली. काका मधूनच कपडे बदलायला गावी आले होते. ते तिच्या घरी गेले, उकिडवे बसले आणि सगळ्या घरातला कचरा हातानं वेचून टोपलीत भरला. झाडू लावला नाही ना मग. म्हातारा पुढे बरा होऊन आला आणि त्या सुनेनं केळझरच्या गणपतीला जाऊन आल्यावर पहिला लाडू काकांना दिला.

मी शिकलेली बाई. मी या सगळ्याला हसायची. मनात नाही, चांगली तोंडावर हसायची.

मग एका उन्हाळ्यात आमचीच पाळी आली. सकाळची वेळ, शाळेला सुट्ट्या लागल्या होत्या, मी स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत बसले होते. हे आंघोळ करून बाहेर आले आणि भिंतीला धरून खालीच बसले. अंगाला घाम आणि तोंडातून शब्द फुटेना. गल्लीतल्यांनी उचलून दवाखान्यात नेलं. तिथली नर्सताई माझी जुनी विद्यार्थिनी. ती माझ्याजवळ आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मॅडम, सरांले रेफर करून राह्यलो."

हा शब्द मी आयुष्यात किती वेळा फळ्यावर लिहिला असेल, देव जाणे. त्या दिवशी तो पहिल्यांदा आपल्या माणसासाठी ऐकला. कुठं सही करायची ते कळेना, चप्पल कुठं काढली ते आठवेना. तेवढ्यात कुणीतरी माझ्या पायाशी चप्पल आणून ठेवली. वर पाहिलं तर काका. खांद्याला पिशवी. त्यांचे ओठ माझ्यापेक्षा जास्त थरथरत होते, आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण ते बघून मला जरा धीर आला. आपल्यापेक्षा घाबरलेलं माणूस जवळ असलं की आपल्याला शहाणं व्हावंच लागतं. निघताना त्यांनी माझ्या सासूबाईंना बजावलं, झाडू नका लावू. मी काही हसले नाही.

गाडीत मी ह्यांच्या डोक्याशी, काका पायाशी. जामचा चौरस्ता मागे पडला तसे ते एकदम म्हणाले, "मॅडम, ह्या रेफरचा खरा अर्थ काय हाये जी?" माझं टाळकंच फिरलं. नवरा समोर तोंडाला नळी लावून पडलाय आणि या माणसाला शब्दार्थ पाहिजे. मी ह्यांचं कपाळ पुसत राहिले. काकांनी पुन्हा विचारलं नाही, नुसते पाय धरून बसून राहिले.

मोठ्या दवाखान्यात ह्यांना आत नेलं आणि आम्हाला बाहेर बसवलं. दार उघडलं की मी चप्पल घालायची आणि बंद झालं की पुन्हा काढायची. प्रार्थना करावी तर शब्द जमेनात. शेवटी काहीतरी करायला पाहिजे म्हणून मी मोबाइलवर शब्दकोश उघडला. मला दुसरं येतं तरी काय? काकांनाच म्हटलं, ऐका, सांगते.

मग त्या बाकावर बसून मी शिकवायला लागले. हा शब्द इंग्रजांचाही मूळचा नाही. लॅटिन नावाच्या जुन्या भाषेतून फ्रेंचमध्ये आला, तिथून इंग्रजीत. त्याचे दोन तुकडे. पहिल्याचा अर्थ मागे, परत. दुसऱ्याचा अर्थ नेणे, वाहणे. आणि आपला 'भार' शब्द आहे ना, तो या दुसऱ्या तुकड्याचा दूरचा भाऊ, एकाच जुन्या घरातले दोघे. फुटबॉलचा रेफरी याच घरचा, कारण भांडण त्याच्याकडे न्यायचं. ट्रान्सफरसुद्धा याच घरचा, पलीकडे वाहून नेणे.

"तुमच्या मास्तर लोकाचं रेफर मंजे ट्रान्सफर," काका म्हणाले. त्या जागी, त्या वेळी मला हसू आलं. शेजारी बसलेली एक बाई माझ्याकडे बघायला लागली.

काका मात्र विचारात पडले होते. जरा वेळानं म्हणाले, "मंजे भारा वापस आणनं?" मी म्हटलं, हो, तुकड्यांचा अर्थ घेतला तर तसंच. ते म्हणाले, बाजारातून न विकलेला भारा वापस आला तं माणसाले रडू येते, आन् इथून वापस आला तं हासू. आणि मग माझ्याकडे वळून, अगदी हळू आवाजात, "मॅडम, मंजे वापस आणनं त्या शब्दातच हाये."

मास्तरकीचा माझा स्वभाव. तोंडावर आलं होतं की काका, असं नसतं. शब्द जिथून निघतो तिथलं सगळं काही तो सोबत आणत नाही. आज डॉक्टर रेफर म्हणतो तेव्हा त्यात परत आणण्याचं वचन वगैरे काही नसतं, फक्त पुढे पाठवणं असतं. पण समोरचं दार बंद होतं. मी म्हटलं, हो काका. त्या शब्दातच आहे.

हे परत आले. अशक्त झाले होते, पण स्वतःच्या पायांनी घरात शिरले. स्वयंपाकघरात ते वर्तमानपत्र तसंच पसरलेलं होतं, त्यावर वाळून काळी पडलेली मेथी, सगळ्या घरात धूळ. सासूबाईंनी झाडू दाराआड उभा करून ठेवला होता. तो हातात घेतला तेव्हा मला रडू आलं.

पुढे झालं असं की काकांनी तो अर्थ गावभर केला. आधी ते नुसते पाय धरून बसायचे, आता पाय धरून सांगायलाही लागले. "रेफर मंजे वापस आणाले नेनं. आपल्या मॅडमनं पुस्तकात पाह्यलं हाये." लोकांना बरं वाटायचं. नर्सताईनंच मला सांगितलं की मॅडम, आजकाल रेफर म्हटलं तर बाया पहिल्यासारख्या गळाठत नाहीत, काकाकडे बघतात. मला मात्र तेव्हापासून एक नवीन काळजी लागली. परत न येणारेही असतात. त्यांच्या घरी काका काय सांगणार? आणि नाव कुणाचं पुढे येणार, तर माझं.

आणि ते झालंच. बाजाराच्या ओळीत एक शिंपी होता, तरुण माणूस, पोटाचं दुखणं. काका सोबत गेले होते. तो गेला. काही दिवसांनी त्याची बायको मला भाजी घेताना भेटली. भांडली नाही, ओरडली नाही. तिनं नुसतं विचारलं, "मॅडम, पुस्तकात वापस आणनं लिव्हलं होतं म्हने. तुम्हीच पाह्यलं होतं ना?" मी मान हलवली. माझी तोललेली वांगी तिथंच राहिली, मी तशीच घरी आले.

घरी काय, तडक काकांच्या वावरात गेले. ते बांधावर बसून मेथीच्या जुड्या बांधत होते. मी फार बोलले. काका, लोकांना असं काही सांगू नका, शब्दाच्या अर्थानं माणसं वाचत नाहीत, तुम्ही माझं नाव घेता आणि त्या बाईच्या डोळ्याकडे मला बघवत नाही. सगळं बोलून झालं. काका हातातली जुडी बांधत राहिले, पण गाठ काही बसेना.

"मी आणला ना जी त्याले वापस," ते म्हणाले. "बायको बेसुद झालती. भाऊ समोर ड्रायव्हरपाशी बसला. मांगं मीच होतो त्याच्यासंग. पाय धरूनच आणला, घरापर्यंत."

ती न बसणारी जुडी मी त्यांच्या हातातून घेतली.

"मले मरनाचं भेव नाई वाटत, मॅडम. तिथं राहून जाण्याचं वाटते. एवढ्या मोठ्या दवाखान्यात आपल्याले कोन ओळखते? कसंही असो, माणूस आपल्या घरी आला पायजे."

मी खाली बसले आणि त्यांच्यासोबत जुड्या बांधल्या. मला बांधता येत नाहीत, काकांना त्या सगळ्या पुन्हा सोडाव्या लागल्या असतील. शिंप्याच्या बायकोकडे मी नंतर गेले आणि तिला सगळं सांगितलं, पाय कुणी धरले होते तेही. ऐकून ती चहा ठेवायला उठली.

यंदा थंडी सरता सरता काकांना धाप लागायला लागली. वावरातून घरी येईस्तोवर दोनदा बसावं लागायचं. दुसऱ्याला शिंक आली तरी घाबरणारा हा माणूस, स्वतःचं मात्र कुणाला कळू देईना. काकूंनी मला हाक मारली तेव्हा ते खाटेवर बसून होते आणि श्वास घेताना त्यांचे खांदे वरखाली होत होते. आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि चिठ्ठी लिहायला घेतली. नर्सताई माझ्याकडे बघते, काकू माझ्याकडे बघतात, तो शब्द उच्चारायला कुणी तयार नाही. काका सगळ्यांची तोंडं बघत होते आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून विचारलं नाही.

मीच त्यांच्याजवळ गेले. म्हटलं, काका, रेफर केलं.

त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. "कोन येते संगं?"

"मी."

शाळेचं काय, असं त्यांनी हातानंच विचारलं. मी म्हटलं, शाळा कुठं पळून जात नाही. काकूंचे गुडघे गेलेले, मुलगा पुण्याहून निघाला होता, तो परस्पर तिकडे यायचा होता. स्ट्रेचर गाडीत चढवत होते तेव्हा काकांनी मान वळवून काकूंना शोधलं आणि म्हणाले, "झाडू नको लावजो." काकूंनी मान हलवली. पदर तोंडात धरला होता त्यांनी.

डोक्याशी नर्सताई बसली. मी पायाशी बसले. त्या पायांना भेगा होत्या आणि भेगांमध्ये वावरातली काळी माती होती, धुऊन न निघणारी. मी घट्ट धरले. जामच्या अलीकडे काकांनी तोंडावरचा मास्क जरा बाजूला केला. "मॅडम, भेव वाटून राह्यलं."

"मलाही, काका," मी म्हटलं.

"मंग बरं," ते म्हणाले आणि मास्क पुन्हा नीट लावून घेतला.

मुलगा आला, डॉक्टरांशी बोलला, धावपळ केली. मी रोज जाऊन येऊन करत होते. काका आत, आम्ही त्याच बाकावर बाहेर. दार उघडलं की मी उभी राहायची. आपलं माणूस आत असतं तेव्हा काय वाटतं ते मला ठाऊक होतं, पण काका माझे कोण, हे मला त्या बाकावर कळलं. एका सकाळी दार उघडलं आणि डॉक्टरांनी मुलाला बाजूला बोलावलं.

परत येताना मुलगा समोर ड्रायव्हरशेजारी बसला. त्याला मागे बसवेना. मी म्हटलं, तू बस समोर, मी आहे. गाडी निघाली तशी मी चादर जरा वर केली आणि पाय धरले. ते थंड होते. जाम आलं, गेलं. वाटेत पावलोपावली गतिरोधक, आणि दर गतिरोधकाला मी आणखी घट्ट धरत होते. गल्लीत वळेस्तोवर मी हात काढला नाही.

कडुलिंबाच्या पानगळीचे दिवस. सगळं अंगण पिवळ्या पानांनी भरलं होतं, पायरीवर पानं, ओट्यावर पानं, घरातही वाऱ्यानं गेलेली. इतक्या दिवसांत काकूंनी एक काडी उचलली नव्हती. माणसं जमली होती. मयत ठेवायला जागा करायची म्हणून कुणीतरी झाडूकडे हात नेला तर काकूंनी तो झाडू ओढून घेतला आणि छातीशी धरून उभ्या राहिल्या. कुणाचं ऐकेनात. मी गाडीतून उतरले तशा त्या माझ्याकडे आल्या.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "आता झाडू काय जी?"

मी म्हटलं, "झाडा, काकू. आले ते."